पहिले जाळी दखा

सुरतेत मे महिन्यात कानटोपी विकत मिळत नाही, हे भटूनानांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. उधन्यातल्या चार दुकानांत त्यांनी विचारलं. पहिल्या तिघांनी नुसतंच "नथी" म्हटलं. चौथ्याने आधी त्यांच्या घामाने चिंब शर्टाकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, आणि अगदी काळजीने विचारलं, "काका, घेर बधुं सारुं छे ने?" घरी सगळं ठीक आहे, टोपी गाडीत बसायला हवी आहे, हे खरं उत्तर द्यायची नानांची हिंमत झाली नाही. "नातीला थंडीत लागेल," असं पुटपुटून ते बाहेर पडले. नात बारा दिवसांची होती आणि माप त्यांनी मोठ्या बाईचं सांगितलं होतं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून तेही त्याच्या लक्षात आलं होतं.

शेवटी त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, डोक्याला टॉवेल गुंडाळला, पायांत मोजे चढवले, खांद्यावरून शाल घेतली आणि बाहेर एक्केचाळीस अंश ऊन असताना त्या गाडीत जाऊन बसल्या. समोरच्या लूमच्या कारखान्यातले कामगार बिडी ओढायला बाहेर आले होते, ते बिडी विसरून बघत राहिले.

"मले नातनं तोंड दखाले जानं शे," काच वर करता करता मालतीबाई म्हणाल्या, "हिमालयमा नही."

नानांनी गाडी सुरू केली. गाडीचा एसी म्हणजे साधासुधा एसी नव्हता. आकडा लावा, ऑटोचं बटण दाबा, पुढचं सगळं गाडी बघेल, अशा जातीचा तो होता. आणि आकडा पंचवीसचा लावा की अठ्ठावीसचा, गाडी आपली बर्फाच्या कारखान्यासारखी वारा फेकत सुटायची. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर ते नुसतं गमतीचं होतं. भटूनानांच्या बाबतीत ते लाजेचंही होतं, कारण तापमान हाच त्यांचा अडतीस वर्षांचा धंदा होता.

दोंडाईच्याजवळच्या एका गावातून नाना बाविसाव्या वर्षी सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसात स्टेंटरवर लागले. रंगवलेलं कापड ताणून धरत गरम हवेच्या खोल्यांमधून नेणारं, आगगाडीच्या दोन डब्यांएवढं ते लांब यंत्र. हवा जास्त तापली तर कापड पिवळं पडतं, कमी पडली तर चुरगळतं. नानांनी ते काम तापमापकाच्या काट्यावर कधी केलंच नाही. यंत्राच्या तोंडातून कापड बाहेर पडलं की ते त्याला उलटा हात लावत आणि सांगत, "एकशे पंच्याऐंशी." मग नवा माणूस धावत जाऊन काटा बघे, आणि काटा तेच सांगे. निदान नाना तरी असंच सांगतात. ज्या वेळी काटा वेगळं सांगे, त्या वेळी नाना काटा बदलायला लावत.

नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा मात्र ठरलेला होता. यंत्राला हवा ओढायला जाळ्या असतात, त्यांत कापडाची तूस अडकते, जाळी तुंबली की हवा आत जात नाही आणि यंत्राला वेड लागतं. मग ऑपरेटर बर्नर खोलतो, मोटर खोलतो, मिस्त्रीला बोलावतो आणि दिवस वाया घालवतो. म्हणून नाना सांगत, "काही बी बिघडनं तरी पहिले जाळी दखा." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं की पाठीमागे त्यांचं नावच 'जाळीवाले नाना' पडलं.

नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत स्टेंटरला पॅनल आलं. काचेचा पडदा, त्यावर आकडे, आणि एका कोपऱ्यात ऑटो. नानांनी कापडाला उलटा हात लावला की सुपरवायझर मायेने म्हणायचा, "नाना, रहेवा दो. ऑटो पर छे." राहू द्या. सहा वर्षं हेच ऐकलं. तो माणूस वाईट नव्हता, कापडही बिघडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचंच नानांना जास्त दुःख होतं. सुपरवायझर जेवायला गेला की ते गुपचूप ऑटो बंद करत, थोडा वेळ स्वतः यंत्र चालवत आणि तो यायच्या आत पुन्हा चालू करून ठेवत. साठाव्या वर्षी हार-नारळ घेऊन ते घरी आले तेव्हा ऑटो या शब्दाशी त्यांचं चांगलंच वैर जमलेलं होतं.

आणि जावयाने आणून दिली ती गाडी नेमकी ऑटोवाली.

जावई धर्मेंद्र बारडोलीच्या साखर कारखान्यात कामाला. त्याच्या साहेबाने चौदा वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपलेली गाडी विकायला काढली, तेव्हा धर्मेंद्रने आपल्या शब्दावर ती सासऱ्यासाठी धरून ठेवली. दसऱ्याच्या आधी बारडोलीत फेरी मारून दाखवली. ऑटो दाबलं, पंचवीस लावले आणि म्हणाला, "मामा, आता काहीच करायचं नाही." पंखा आधी जोरात घोंघावला, मग आपोआप हळू झाला, आणि गाडीत असं सुख पसरलं की मालतीबाईंचा डोळा लागला. नानांनी मान डोलावली. मनात म्हणाले, बघू किती दिवस चालतं.

दसऱ्याला गाडी दारात आली. मालतीबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. अगरबत्ती लावली आणि प्रश्न आला की ती खोचायची कुठे. नानांनी आत बसून शोध घेतला. स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला काडेपेटीएवढी एक काळी जाळी होती. तिला ना बटण, ना दिवा, कसलाच उपयोग दिसत नव्हता. पण तिच्या फटी बरोबर अगरबत्तीच्या काडीच्या मापाच्या. नानांनी दोन काड्या तिरक्या खोचल्या, त्या घट्ट बसल्या आणि ते भारावून गेले.

"दख," ते मालतीबाईंना म्हणाले, "कंपनीले बी समजस. आपला मानूस अगरबत्ती कोठे तरी खोसावच."

त्यावर आणखी एक नवल घडलं. नानांनी गाडी चालू केली, तर अगरबत्तीचा धूर वर न जाता वळला आणि त्या जाळीतून आत शिरू लागला. मालतीबाईंनी हात जोडले. शेजारच्या सुभद्राबाईंना बोलावून दाखवलं, त्यांनीही जोडले. गाडी धूप घेते, गाडीत देव आहे, हे दोन-चार घरांत पोचायला संध्याकाळही लागली नाही. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ करून नाना गाडी चालू करत आणि त्या जाळीत चंदनाच्या दोन अगरबत्त्या लावत. ज्या माणसाने अडतीस वर्षं जगाला जाळ्या साफ करायला लावल्या, तो सात महिने स्वतःच्या हाताने एक जाळी बुजवत होता, आणि वर डोळे मिटून नमस्कार करत होता. होळीच्या सुमारास धूर आत जाईनासा झाला. देव तृप्त झाला, असं नाना समजले.

थंडीत सुरतेत कोण एसी लावतो. काचा खाली करून फिरायचं. होळीनंतर ऊन चढलं, ऑटोचं बटण दाबलं, आणि गाडीने अंगावर बर्फ ओतायला सुरुवात केली. नानांनी उपायांत कसर ठेवली नाही. त्यांना वाटलं, गाडी एकदाची गार झाली की पंखा आपणच थांबेल, म्हणून अठरा लावले. गारठले. मग आकडा शेवटच्या बत्तीसवर नेला, तर हीटरच पूर्ण सुरू झाला आणि एकदम भट्टीसारखा गरम वारा आला. पंख्याचं बटण दाबून वारा कमी केला, तर ऑटोचा दिवाच विझला. ऑटो पुन्हा दाबलं, तर पंखा पुन्हा पूर्ण जोरात. नाना पंखा कमी करत, ऑटो विझे. नाना ऑटो लावत, पंखा वाढे. उधना दरवाजाच्या एका सिग्नलवर हा खेळ तीन वेळा झाला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून तो थांबवला. हाताने वारा कमी केला की ऑटो आपला हक्क सोडतं, एवढी साधी गोष्ट गाडीच्या पुस्तकात लिहिलेली होती. पण पुस्तक वाचणं म्हणजे पॅनलला शरण जाणं, असं नाना मानत. पुस्तक डिकीत स्टेपनीखाली होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण आपल्या हातून चूक होत असेल हा विचार ज्याला सुचत नाही, त्याला दुसऱ्याची चूक सापडायला वेळ लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी गायत्री आणि धर्मेंद्र आले होते. गायत्रीचा नववा सरत आलेला. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, भरलेलं घर. आणि भरल्या पंक्तीत नाना म्हणून गेले, "धर्मेंद्रराव, तुमना साहेबनी आपले चांगला गंडाडा. बिघडेल गाडी गयामा मारी दिन्ही."

धर्मेंद्रने मान खाली घातली आणि ताटातली पोळी संपवली. मालतीबाई रसाची वाटी घेऊन आल्या तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. आखाजीला जावयाने पुन्हा वाढायला आणलेला रस नाकारावा, याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळला. नानांनाही कळला, पण ते तेव्हा स्वतःच्या बोलण्यावर खूश होते. नाना त्यांना बारडोलीला सोडायला निघाले तेव्हा गाडीत गायत्री चादर पांघरून बसली आणि धर्मेंद्र पूर्ण रस्ता हाताने तिच्यासमोरची वाऱ्याची झडप झाकून बसला होता.

डॉक्टर बारडोलीचेच म्हणून गायत्रीचं बाळंतपण तिकडे झालं. मुलगी झाली. बारसं करायचं आणि मग सव्वा महिन्यासाठी बाळ-बाळंतिणीने माहेरी यायचं, असं ठरलेलं होतं. नानांनी त्यासाठी मागची सीट धुऊन घेतली होती. पहिली नात आपल्या गाडीतून घरी आणायची, एवढी एकच इच्छा त्यांनी निवृत्त झाल्यापासून उघडपणे बोलून दाखवली होती.

कानटोपी न मिळालेला दिवस तो हा बारशाचा दिवस. मालतीबाई टॉवेल-शालीसकट बारडोलीत उतरल्या, आणि दारात उभा असलेल्या धर्मेंद्रने त्यांना आपादमस्तक पाहिलं. बाळाचं नाव धनश्री ठेवलं. घुगऱ्या वाटून झाल्यावर धर्मेंद्र नानांना बाजूला घेऊन अगदी अदबीने म्हणाला, "मामा, रविवारी बाळाला तुमच्याकडे आणायला मी टॅक्सी केली आहे. तुमची गाडी राहू द्या."

राहू द्या. पलसाण्याला सहा वर्षं ऐकलेला तोच शब्द. नानांना एवढं लागलं की नात मांडीवर घेऊनही त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तिच्या पोटाला उलटा हात लावून ते नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडी लोटूच्या गॅरेजला नेली. लोटू गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा, आणि त्याआधी तरुणपणी दीड वर्ष नानांच्या हाताखाली स्टेंटरवर होता. त्याने तपासायला सुरुवात केली, आणि नाना स्टुलावर बसून त्याला उष्णता म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. अर्धा तास समजावलं. लोटूने तोवर नळ्या तपासल्या, गॅस तपासला, डाव्या खणामागचा फिल्टर काढून झटकला.

"नाना, बठ्ठं बराबर शे," तो म्हणाला. "थंडी ते इतली फेकी राहिनी. आखो काय जोयजे तुम्हले?"

"थंडी नही जोयजे लोटू. बराबर थंडी जोयजे."

लोटू विचारात पडला. "मंग मशीनले आतलं तापमान समजत नही. ते आतली हवा कोठून ओढस? तुम्हीच शिकाडेल शे ना मले, पहिले जाळी दखा."

आपलाच धडा आपल्याला ऐकवला जातोय, याचा नानांना थोडा अभिमानच वाटला. मोठ्या मनाने त्यांनी डिकीतून पुस्तक काढलं. मिलच्या यंत्रांवर असे तेवढं इंग्रजी त्यांना वाचता येई. चित्रात डॅशबोर्ड होता, त्यावर बाण, बाणांना आकडे. आतल्या हवेचं तापमान मोजणाऱ्या जागेचा बाण कुठे जातो, ते बोट ठेवून बघू लागले. बोट स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला गेलं. तिथे काडेपेटीएवढी जाळी काढलेली होती.

नानांनी पुस्तक मिटलं, मग पुन्हा उघडलं. बोट परत तिथेच गेलं.

मिलमध्ये जाळी श्वास घेते की नाही हे बघायची एक रीत होती. सुताचा धागा जाळीसमोर धरायचा. हवा ओढली जात असेल तर धागा जाळीला जाऊन चिकटतो. नानांनी आपल्या शर्टाच्या काठाचा एक धागा ओढून काढला, गाडी चालू करायला लावली आणि तो त्या काळ्या जाळीसमोर धरला. धागा हलला नाही. अगदी जवळ नेला, तरी सरळ खाली लोंबत राहिला.

लोटूने चिमट्याने जाळी बाहेर काढली. तिच्या मागे बोटभर भोक होतं आणि ते करड्या राखेने ठासून भरलेलं होतं. राखेत अगरबत्तीच्या काड्यांची टोकं होती, सहा-सात तरी असतील. आतलं तापमान मोजणारा बारीकसा तुकडा त्या राखेखाली गाडला गेला होता. गाडीतली हवा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. उन्हाने तापलेल्या डॅशबोर्डची धग तेवढी पोचत होती, म्हणून गाडीला बिचारीला वाटायचं की आत माणसं भाजून निघताहेत. ती तिच्या परीने त्यांना वाचवत होती.

लोटूने चिमूटभर राख नाकाजवळ नेली.

"नाना," तो म्हणाला, "हाई ते चंदन शे."

नाना गॅरेजच्या छताकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. धूर आत का जायचा, होळीपासून का जाईनासा झाला, देव नेमका केव्हा तृप्त झाला, हे सगळं एकामागून एक त्यांना उमगत गेलं आणि प्रत्येक वेळी कान आणखी गरम झाले. गॅरेजमध्ये त्या वेळी किती अंश होते, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

लोटूने हलक्या ब्रशने तो तुकडा साफ केला, भोक फुंकून घेतलं, जाळी परत बसवली. नानांनी धागा धरला. धागा वळला आणि जाळीला चिकटून बसला. मग भर दुपारी दोघं पांडेसऱ्यापर्यंत जाऊन आले. ऑटो, सव्वीस. पंखा आधी घोंघावला, पाच-सात मिनिटांनी स्वतःहून उतरला, आणि नंतर वारा आहे की नाही ते कळेना. नानांचे हात दोनदा बटणाकडे गेले आणि दोन्ही वेळा लोटू खाकरला. इतके दिवस आपण ज्याच्याशी भांडलो ते यंत्र निमूटपणे ऐकत होतं, आपणच त्याच्या कानात राख भरली होती, हा विचार नानांना त्या गार गाडीत फार टोचला.

घरी येऊन त्यांनी धर्मेंद्रला फोन लावला. गाडी ठीक झाली, बारीकशी तूस अडकली होती, असं मोघम सांगितलं. पलीकडून तोच अदबीचा आवाज आला, "बरं झालं मामा. पण टॅक्सी सांगून ठेवली आहे. राहू द्या."

फोन ठेवल्यावर मालतीबाईंनी विचारलं, "तूस व्हती?"

मालतीबाईंना सगळं समजलं, कारण नानांच्या शर्टाच्या खिशात गॅरेजमधून बांधून आणलेल्या राखेची पुडी होती आणि घरभर चंदनाचा वास सुटला होता. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर नानांना सोपं गेलं असतं. "त्या पोरानी आखाजीना रस सोडा व्हता," एवढंच त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या.

रविवारी सकाळी टॅक्सी यायच्या आत दोघं बारडोलीत हजर झाली. मालतीबाईंच्या डोक्याला टॉवेल नव्हता, हे धर्मेंद्रच्या लक्षात आलं असावं. नानांनी रस्ताभर चार वाक्यं जुळवून ठेवली होती. घरात पाऊल टाकताच ती विसरली. तेव्हा त्यांनी खिशातली पुडी काढली, उलगडली आणि जावयासमोर धरली.

धर्मेंद्रने पुडीतली राख पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम नरमला. सासरे बाळासाठी कुठल्या तरी ठिकाणाहून अंगारा घेऊन आले, असं त्याला वाटलं. त्याने पायातल्या चपला बाजूला सारल्या, चिमूट घेतली, डोळे मिटून कपाळाला लावली आणि दुसरी चिमूट घेऊन पाळण्याकडे वळला.

नानांनी धावत जाऊन त्याचा हात धरला. नानांची एक गंमत आहे, लाज वाटली की त्यांची भाषा शुद्ध होते.

"धर्मेंद्रराव, तो अंगारा नाही," ते म्हणाले. "ती गाडीतली घाण आहे. गाडीच्या तापमापकाच्या जाळीत मी सात महिने रोज दोन अगरबत्त्या खोचल्या. गाडी चांगली होती. तुमच्या साहेबांनी आपल्याला फसवलं नाही, तुम्हीही नाही. आखाजीला पंक्तीत मी जे बोललो, ते खोटं होतं. मला क्षमा करा."

कपाळावर राखेचा ठसठशीत पट्टा घेऊन धर्मेंद्र उभा होता. त्याने सासऱ्याकडे बघितलं, पुडीकडे बघितलं, बोटावरच्या चिमटीकडे बघितलं. पाळण्याजवळ बसलेली गायत्री आधी हसली. तोंडात पदर कोंबून हसू दाबायला गेली, टाके ओढले गेले तशी "पप्पा, बस करो ने," म्हणत पोट धरून बसली. मग धर्मेंद्रचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते नुसत्या हसण्याने आलेले नव्हते.

"मामा," तो कपाळ पुसत म्हणाला, "तीन आठवडे मी साहेबांच्या नजरेला नजर देत नव्हतो. मनात त्यांना चोर म्हणत होतो."

त्याने टॅक्सीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. एकच अट घातली: पुढे नानांच्या शेजारी तो स्वतः बसणार आणि एसीला नानांनी हात लावायचा नाही. नाना लगेच कबूल झाले. सवय म्हणून त्यांनी थोडी घासाघीस करून पाहिली असती, पण कपाळावरच्या राखेचा डाग अजून पुरता गेला नव्हता.

निघाले तेव्हा बारा वाजत आले होते. मागे गायत्री, मालतीबाई आणि मालतीबाईंच्या मांडीवर धनश्री. धर्मेंद्रने ऑटो दाबलं, सव्वीस लावले. नानांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर असे आवळून धरले, जसे नवशिक्याने धरावेत. पंखा घोंघावला, मग उतरला. उसाच्या शेतांवर ऊन नुसतं पेटलेलं होतं. पलसाण्याला हायवेवर लागल्यावर त्यांच्या जुन्या मिलचं धुरांडं दिसलं. आज रविवार असला तरी स्टेंटर चालू असणार, ऑटोवर असणार, आणि कापड चांगलंच निघत असणार. नानांना त्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

पूर्ण रस्ता कोणी म्हणालं नाही की गार होतंय, कोणी म्हणालं नाही की उकडतंय. गायत्री धनश्रीच्या झोपेबद्दल बोलत होती, मालतीबाई डिंकाच्या लाडवांबद्दल. मिलमध्येही ज्या पाळीत स्टेंटरवाल्याचं कुणी नाव काढत नाही ती पाळी चांगली गेली असं धरत. नानांनी आरशात पाहिलं. मालतीबाईंनी बाळाचं पाऊल आपल्या उलट्या हातावर ठेवलं होतं. त्यांनी आरशातच मान हलवली. ठीक आहे.

उधन्याला गल्लीत गाडी लागली तेव्हा दारात सुभद्राबाई तयारच होत्या. भाकरीचा तुकडा ओवाळून झाला, पायांवर पाणी झालं, बाळ-बाळंतीण घरात गेली. मग त्यांना गाडीची आठवण झाली. लक्ष्मी घरी आणली तिने, तिलाही ओवाळायला हवं. अगरबत्ती पेटवून त्या ड्रायव्हरच्या दाराशी आल्या, आत वाकल्या आणि त्यांचा हात सरळ स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला गेला.

"नाना, आठेच खोसू ना? रोज खोसतस तठे?"

नाना तिथपर्यंत कसे पोचले ते त्यांनाच कळलं नाही. जाळीवर त्यांनी तळहात आडवा धरला, अगरबत्ती सुभद्राबाईंच्या हातातून काढून घेतली आणि गाडीच्या बाहेर, बॉनेटजवळ, ती हातात धरून उभे राहिले. धर्मेंद्र ओट्यावरून बघत होता. समोरचे लूमवाले पुन्हा बाहेर आले होते.

मालतीबाई दारातून म्हणाल्या, "द्या ती आठे. तुयशीना कुंडीमा खोसस."

"राहू दे," नाना म्हणाले.

ते उन्हात तसेच उभे राहिले, अगरबत्ती पूर्ण जळेपर्यंत. राखेचा एक तुकडा तुटून त्यांच्या उलट्या हातावर पडला. तो गरम होता. किती, ते नानांनी कुणाला सांगितलं नाही.